दोन 'फांग ची': ब्रुसेल्समधल्या कॅप्सुलांचं प्रकरण

१९९२ साली ब्रुसेल्समधल्या किडनीच्या डॉक्टरांपुढे दोन बायकांचे कागद आले. दोघी पन्नाशीच्या आतल्या. दोघींच्या किडन्या झपाट्यानं निकामी होत चाललेल्या, आणि नेहमीच्या कारणांपैकी एकही लागू पडेना. बायप्सी केली तेव्हा कोडं सुटण्याऐवजी वाढलंच.

किडनीत रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे बारीक गुच्छ असतात, त्यांच्यापुढे लांब नलिका असतात, आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत थोडीशी भरण असते. मधुमेहात किंवा किडनीच्या बहुतेक परिचित आजारांत पहिला फटका गुच्छांना बसतो. इथे गुच्छ बऱ्यापैकी शाबूत होते. नलिका सुकलेल्या, कित्येक नाहीशाच झालेल्या, आणि मधली जागा जुन्या जखमेच्या वणासारख्या घट्ट तंतूंनी भरलेली. मधल्या जागेचा दाह झाला की तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. इथे तीही जवळजवळ नव्हती. म्हणजे व्रण होता, पण भांडणाची खूण नव्हती.

अशा वेळी डॉक्टरांच्या हातात एकच हत्यार उरतं, ते म्हणजे पेशंटला पुन्हापुन्हा विचारणं. आणखी काय घेत होतात? त्या विचारपूशीत निघालं की दोघींनीही वजन कमी करण्यासाठी शहरातल्या एकाच क्लिनिकचे उपचार घेतले होते. ब्रुसेल्सच्या फ्री युनिव्हर्सिटीतले किडनीतज्ज्ञ जाँ-लुई व्हानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग शहरातल्या इतर किडनी केंद्रांकडे चौकशी केली. १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत किडनी जवळपास पूर्ण गेलेल्या, पन्नाशीच्या आतल्या आणि हेच उपचार घेतलेल्या आणखी सात जणी सापडल्या. एकूण नऊ. फेब्रुवारी १९९३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला आणि या आजाराला 'चायनीज हर्ब्ज नेफ्रोपथी', म्हणजे चिनी वनौषधींमुळे होणारा किडनीविकार, असं नाव पडलं. त्या नावानं पुढे बराच गोंधळ घातला, त्याकडे नंतर येतो.

मे १९९०

हे क्लिनिक नवं नव्हतं. पंधरा वर्षं तिथे वजन घटवण्याचे उपचार चालू होते आणि किडनीची एकही तक्रार आली नव्हती. मग अचानक दोन वर्षांत नऊ? मे १९९० मध्ये उपचारात एक बदल झाला होता. कॅप्सुलांमध्ये दोन चिनी वनस्पतींची पूड घालायला सुरुवात झाली होती. एक स्टेफानिया टेट्रांड्रा, दुसरी मॅग्नोलिया ऑफिसिनॅलिस.

बाकी कॅप्सुलांत काय होतं तेही पाहायला हवं, कारण 'चिनी औषधानं किडन्या गेल्या' असं एका वाक्यात सांगून मोकळं होणाऱ्यांना हा भाग सोयीचा नसतो. भूक मारणारी फेनफ्लुरामिन आणि डायएथिलप्रोपिऑन. शांत करणारं मेप्रोबॅमेट. लघवी वाढवणारं ॲसिटाझोलामाइड. जुलाब करणारी कॅस्कॅरा. बेलाडोनाचा अर्क. शिवाय त्वचेत आर्टिचोकच्या अर्काची आणि दम्याला वापरतात त्या युफिलिनची इंजेक्शनं. यातल्या फेनफ्लुरामिनला पुढे १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून अमेरिकेत बाजारातून जावं लागलं. ही यादी कुठल्याही चिनी वैद्याच्या वहीत सापडणार नाही. दोन हजार वर्षांच्या परंपरेला ती ओळखीची वाटली नसती. युरोपातल्या डॉक्टरांनी बनवलेलं हे कडबोळं होतं, आणि त्यात 'नैसर्गिक' या शब्दाची फोडणी म्हणून दोन चिनी नावं टाकली होती.

चिनी वैद्यकात 'फांग ची' हे अंगावरची सूज आणि सांधेदुखी यांसाठी वापरायचं औषध आहे, इतर औषधांबरोबर, बहुधा काढा करून, लक्षण जाईपर्यंत. धडधाकट बाईला वजन घटवायला ते रोज, पूड करून, महिनोन्‌महिने द्यायचं ही कल्पना ब्रुसेल्सची.

पण म्हणून परंपरा सुटली असंही नाही. पुढे जे निघालं ते तिच्याही अंगावर येणारं होतं.

नावात काय होतं

संशय नव्या वनस्पतींवर आला, तेव्हा पहिलं काम होतं ते पुडीत नक्की काय आहे हे बघण्याचं. स्टेफानिया टेट्रांड्रात टेट्रांड्रिन नावाचा अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत बनणारा एक रासायनिक पदार्थ, असतो. तो तिचा आधारकार्डासारखा पुरावा. बेल्जियममध्ये 'स्टेफानिया' म्हणून आलेल्या पुडांमध्ये तो शोधला, तर बहुतेकांत नव्हताच. औषधी वनस्पतींचे तज्ज्ञ मोरीस व्हानहालेन यांनी व्हानहेरवेगेम आणि हाँगकाँगमधले वनस्पतितज्ज्ञ पॉल बट यांच्या सोबतीनं वेगवेगळ्या खेपांचे बारा नमुने तपासले. १९९४ मध्ये निकाल छापून आला. बारापैकी अकरांत ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडलं. स्टेफानियात ते असत नाही. ते असतं ॲरिस्टोलोकिया या वेलीच्या कुळात.

हे झालं कसं, याचं उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'फांग ची'. चीनच्या बाजारात स्टेफानियाच्या मुळाला 'हान फांग ची' म्हणतात. दक्षिणेकडच्या क्वांगतुंग-क्वांगशी भागातून येणाऱ्या एका वेगळ्याच वेलीच्या मुळाला 'ग्वांग फांग ची' म्हणतात. ही दुसरी वेल म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची. दोन्ही मुळं जाडजूड, दोन्ही कापून वाळवली की चकत्या फिकट, दोन्हींचा उपयोग सूज आणि सांध्यांसाठी सांगितलेला. दुकानदार एका ऐवजी दुसरं देतो तेव्हा तो स्वतःच्या मते फसवत नसतो. त्याच्या लेखी दोन्ही फांग चीच. आणि पूड झाली की मग डोळ्यांनी ओळखणारा जाणकारही हतबल.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटायला नको. 'ब्राह्मी' म्हणजे काय, असं विचारा. कुणी पाणथळ जागी पसरणारी, लहान जाडसर पानांची बाकोपा दाखवेल, कुणी मंडूकपर्णी, म्हणजे किडनीच्याच आकाराच्या गोल पानांची सेंटेला. दोन्ही ब्राह्मी म्हणून विकल्या जातात. 'रास्ना' तर प्रांत बदलला की झाड बदलते: उत्तरेत एक झुडूप, दक्षिणेत आल्याच्या कुळातला एक कंद, बंगालात झाडावर वाढणारं एक ऑर्किड. या गोंधळामुळे बहुतेक वेळा फार तर औषध लागू पडत नाही. फांग चीच्या बाबतीत एकाच नावाच्या दोन मुळांपैकी एक विष निघालं, इतकाच फरक.

बेल्जियमनं १९९२ च्या अखेरीलाच या वनस्पती बाजारातून काढल्या होत्या. पण तोवर दीड ते दोन हजार लोकांनी त्या कॅप्सुला घेतल्या असाव्यात असा अंदाज आहे. पुढच्या काही वर्षांत शंभराहून अधिक जणांना, त्यांत जवळजवळ सगळ्या बायकाच, किडनीचा आजार झाल्याचं नोंदलं गेलं. त्यांतल्या बहुसंख्यांना शेवटी डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं. कॅप्सुला थांबवूनही आजार पुढे जातच राहिला. डॉक्टरांनी स्टिरॉइड देऊन पाहिलं. १९९६ मध्ये छापलेल्या एका लहान अभ्यासात बारा जणींमध्ये किडनी बिघडण्याचा वेग त्यामुळे मंदावलेला दिसला. मंदावला, थांबला नाही.

आता आकडे जरा उलटे करून पाहा. शंभरातल्या पाच-एक जणी आजारी पडल्या. म्हणजे पंच्याण्णव जणींचा अनुभव काय? 'मी घेतलं, मला काही झालं नाही.' हे वाक्य खरंच होतं. त्यांच्या तोंडून ऐकणाऱ्या मैत्रिणीला ते पटणं स्वाभाविक होतं. सगळ्यांनाच का झालं नाही, याची कारणं बरीच असतील. खेपेखेपेला आम्लाचं प्रमाण बदलत होतं, कुणी दोन महिने घेतलं तर कुणी दोन वर्षं, काहींचं शरीर मुळात जास्त हळवं असेल. कॅप्सुलांमधल्या इतर औषधांनी विषाला हात दिला का, हा वादही बराच रंगला. काहींनी तर वनस्पतीचा दोष नाहीच, मिश्रणाचाच आहे, असं म्हटलं. त्याला उत्तर प्रयोगशाळेतून आलं. ब्रुसेल्सच्याच कॅथलिक विद्यापीठातले जाँ-पियेर कोझिन्स यांनी सशांना आणि फ्री युनिव्हर्सिटीतल्या देबेल यांनी उंदरांना नुसतं ॲरिस्टोलोकिक आम्ल दिलं, बाकी काहीही नाही. तसाच व्रण किडनीत उमटला.

नंतरचा धक्का

माझ्या मते या प्रकरणाचं खरं पोट इथून पुढे आहे.

प्रत्यारोपण झालेल्या एका पेशंटच्या स्वतःच्या जुन्या किडनीच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात, त्यामुळे कुठल्याही कर्करोगाला मोकळं रान मिळतं. पण ही गाठ होती मूत्रवाहिनीच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या, अस्तरातली, आणि तिथला कर्करोग एरवी क्वचितच दिसतो. ब्रुसेल्सच्या एरास्म रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मग ज्या पेशंटच्या किडन्या पूर्ण गेल्या होत्या, म्हणजे डायलिसिसवर किंवा नव्या किडनीवर जगत होत्या, त्यांना निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून टाका, असं सुचवलं. काम संपलेला अवयव सांभाळून त्यात काय वाढतंय याची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. एकोणचाळीस जण तयार झाले.

जोएल नोर्तिये आणि सहकाऱ्यांनी जून २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल मांडला. एकोणचाळीसपैकी अठरांमध्ये कर्करोग होता. सतरांना किडनीच्या द्रोणात (लघवी जिथे गोळा होऊन मूत्रवाहिनीत उतरते तिथे) किंवा मूत्रवाहिनीत, एकाला मूत्राशयात. उरलेल्या एकवीसपैकी एकोणीसांच्या अस्तरात पेशी बिघडायला लागलेल्या. अस्तर स्वच्छ सापडलं ते फक्त दोघांचं.

मात्रेचा हिशोबही लावला होता. आयुष्यात मिळून दोनशे ग्रॅमपेक्षा कमी पूड गेलेल्या चोवीस जणांत आठांना कर्करोग. त्याहून जास्त गेलेल्या पंधरांत दहांना. दोनशे ग्रॅम म्हणजे साखरेच्या पाव किलोच्या पुड्याहूनही कमी. तेही दोन वर्षांत चिमूट-चिमूट करून.

या पेशंटच्या ऊतींमध्ये डीएनएला चिकटलेले ॲरिस्टोलोकिक आम्लाचे तुकडे मिळाले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर किडनी पेशंटमध्ये ते नव्हते. हे तुकडे सापडण्याची वाट हाइडेलबर्गच्या हाइन्त्स श्मायझर यांनी १९९६ मध्येच दाखवली होती, ब्रुसेल्सच्या पाच पेशंटच्या किडन्या तपासून. होतं असं: आम्ल रक्तातून किडनीत येतं, नलिकांच्या पेशी त्याला एखाद्या नेहमीच्या टाकाऊ पदार्थासारखं आत ओढून घेतात, आत एन्झाइमं त्याचं रूप बदलतात, आणि ते रूप डीएनएच्या ॲडिनिन ('ए') या अक्षराला जाऊन घट्ट बसतं. पेशी दुभंगताना नक्कल करणाऱ्या यंत्रणेला तिथे काय वाचायचं ते कळत नाही आणि 'ए'च्या जागी 'टी' हे दुसरंच अक्षर पडतं. पेशींवर लगाम ठेवणाऱ्या टीपी-५३ या जनुकात अशी चूक पडली की लगाम सुटतो.

साधारण कर्करोगात 'ए'चा 'टी' होणं दुर्मीळ. त्यामुळे अनेक ठिकाणी ही एकच चूक दिसली तर ती चोरानं मागे ठेवलेल्या बोटांच्या ठशासारखी ओळखता येते. शिवाय चिकटलेले तुकडे किडनीत वर्षानुवर्षं टिकतात. पेशंट विसरतो, दुकान बंद पडतं, पुडा फेकला जातो. किडनी मात्र हिशोब राखून असते.

दोन जुनी सालं

हे सगळं वाचताना मनात येतं, कुणाला आधी काहीच माहीत नव्हतं का?

होतं. १९६४ साली चीनच्या च्यांगसू प्रांतातल्या वैद्यकीय नियतकालिकात वू सोंगहान यांनी दोन पेशंटची हकिगत छापली होती. 'मू थोंग' नावाचं औषध मोठ्या मात्रेत घेतल्यावर दोघांच्याही किडन्या अचानक बंद पडल्या होत्या. तो मू थोंग ॲरिस्टोलोकियाचाच होता. आणि त्याच वर्षी अमेरिकेत डॉक्टरांनी शुद्ध ॲरिस्टोलोकिक आम्ल कर्करोगावरचं औषध म्हणून माणसांवर तपासलं होतं. गाठ कमी झाली नाही, किडन्या मात्र बिघडल्या, म्हणून प्रयोग सोडून दिला. एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांना, एकाच विषाची दोन निरीक्षणं. एक चिनीत, एक इंग्रजीत. त्यांची एकमेकांशी गाठ पडायला ब्रुसेल्सच्या बायका आजारी पडाव्या लागल्या.

याहूनही जवळचं उदाहरण जर्मनीचं. तिथे ॲरिस्टोलोकिक आम्लाची औषधं प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून विकली जात. उंदरांवरच्या चाचणीत तीन महिन्यांत जठरात कर्करोग दिसला आणि १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीनं ती औषधं काढून टाकली. ब्रुसेल्सहून जर्मनीतलं आखेन गाडीनं दीड-दोन तासांवर आहे. पण जर्मनीचा निर्णय 'ॲरिस्टोलोकिया' या नावाचा होता. बेल्जियममध्ये पुडीवर नाव होतं 'स्टेफानिया'. चुकीच्या नावाची वनस्पती कायद्याच्या दारातून सरळ आत आली.

डॅन्यूबच्या गव्हातलं तण

ब्रुसेल्सच्या बायप्सीच्या काचा पाहताना कोझिन्स यांना दुसरंच काही आठवलं. बल्गेरिया, रोमानिया, सर्बिया, क्रोएशिया आणि बोस्निया इथल्या, डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत पिढ्यान्‌पिढ्या एक किडनीचा आजार होता. घराघरांत, नवरा-बायको दोघांनाही, पण शेजारच्याच गावात मात्र नाही. त्यातही गुच्छ शाबूत, मधली जागा व्रणानं भरलेली, आणि पुढे मूत्रवाहिनीचा कर्करोग. १९५६ पासून वैद्यकात त्याची नोंद होती. कारण कोणतं, यावर पाणी, बुरशी, जड धातू असं सगळं सुचवून झालं होतं. १९९४ मध्ये कोझिन्स यांनी विचारलं, हे दोन्ही आजार एकच तर नाहीत?

तिथल्या शेतांत, विशेषतः ओलसर कुरणं आणि गव्हाच्या रानात, ॲरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस ही तणवेल उगवते. कापणीच्या वेळी तिचं बी गव्हात मिसळतं, पिठात जातं, भाकरीत जातं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या एका संशोधकानं ही शंका १९६० च्या दशकाच्या अखेरीला मांडली होती. कुणी फार मनावर घेतली नाही. २००७ मध्ये अमेरिकेतले आर्थर ग्रोलमन आणि क्रोएशियातले बोयान येलाकोविच यांनी त्या गावांतल्या पेशंटच्या किडन्यांत तेच चिकटलेले तुकडे आणि गाठींच्या टीपी-५३ मध्ये तोच 'ए'चा 'टी' दाखवला. चिनी औषध कधीही न घेतलेल्या शेतकऱ्यांच्या अंगात चिनी औषधाचा ठसा.

यानंतर 'चायनीज हर्ब्ज नेफ्रोपथी' हे नाव टिकणं कठीण होतं. आता 'ॲरिस्टोलोकिक आम्लजन्य किडनीविकार' असं म्हणतात. हे नाव बरोबर आहे. दोष एका देशाचा नाही, एका रेणूचा आहे. तो भाकरीतून आला तरी तेच करतो.

चीन आणि तैवान

तरीही चिनी वैद्यकातल्या जाणकारांना या प्रकरणातून सुटका नव्हती, कारण फांग ची एकटं नव्हतं. मू थोंग हे मूळचं अकेबिया नावाच्या निरुपद्रवी वेलीचं खोड. विसाव्या शतकात ईशान्य चीनमधून येणाऱ्या 'क्वान मू थोंग'नं, म्हणजे ॲरिस्टोलोकिया मांचुरिएन्सिसनं, तिची जागा घेतली. ते स्वस्त होतं, भरपूर मिळत होतं. यकृताची उष्णता काढायला म्हणून चीनमध्ये घराघरात घेतल्या जाणाऱ्या 'लोंग तान श्ये कान' गोळ्यांत तेच जाऊ लागलं. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये दोन बायका एक्झिमावर चिनी चहा घेऊन डायलिसिसवर गेल्या, त्या चहातही तेच होतं. त्याच वर्षी ब्रिटननं ॲरिस्टोलोकियावर तात्पुरती बंदी आणली. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं, २००१ मध्ये ग्राहकांना इशारा दिला. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं, आयएआरसीनं, ॲरिस्टोलोकियाच्या वनौषधींना पहिल्या गटात घातलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसचा तो गट.

चीननं २००३ मध्ये क्वान मू थोंग आणि २००४ मध्ये ग्वांग फांग ची यांची मान्यता काढली. उरलेल्या काही ॲरिस्टोलोकिया मात्र औषधकोशात राहिल्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन २०२० च्या आवृत्तीत गळाल्या. कुणाला हे फार उशिराचं वाटेल. मलाही वाटतं. पण शेकडो वर्षांच्या सूत्रांतून एखादं द्रव्य वगळायचं म्हणजे वैद्य, कारखाने, शेतकरी आणि एक अभिमान अशा चौघांशी एकदम भांडण असतं, हेही दिसतं.

तैवानचं चित्र मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. तिथल्या राष्ट्रीय विमा योजनेत चिनी वैद्यकही येतं, त्यामुळे कुणाला काय लिहून दिलं याची नोंद असते. २००३ च्या अखेरीला बंदी येण्यापूर्वीच्या सहा-सात वर्षांत साधारण एक तृतीयांश लोकांना ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकेल अशी औषधं लिहून दिली गेली होती, असं त्या नोंदींतून निघालं. तैवानमध्ये डायलिसिसवरच्या लोकांचं प्रमाण आणि मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या, म्हणजे किडनीचा द्रोण आणि मूत्रवाहिनी यांतल्या, कर्करोगाचं प्रमाण, दोन्ही जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी. २०१२ मध्ये तिथल्या या कर्करोगाच्या १५१ पेशंटपैकी सुमारे साठ टक्क्यांच्या किडनीत ते चिकटलेले तुकडे मिळाले. २०१७ मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या ९८ तैवानी नमुन्यांपैकी ७८ टक्क्यांत तोच ठसा. यकृताच्या बाबतीत एवढं म्हणता येईल की ठसा आहे. प्रत्येक गाठ त्याच्यामुळेच झाली, असं त्यातून सिद्ध होत नाही, कारण तिथे हेपॅटायटिस बीदेखील जोरात होता.

हे इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही? ब्रुसेल्समध्ये कळलं, कारण योगायोगानं सगळं एका मुठीत होतं: तरुण बायका, एक शहर, एक क्लिनिक, एकमेकांना ओळखणारी थोडी किडनी केंद्रं आणि सहसा न दिसणारी बायप्सी. हेच विष पासष्ट वर्षांच्या मधुमेही आजोबांनी गुडघेदुखीसाठी पाच वर्षं घेतलं असतं, तर 'साखरेनं किडन्या गेल्या' असं लिहून फाइल बंद झाली असती. कुठल्याही परंपरेतला वैद्य जुलाब, उलटी, पुरळ, चक्कर ताबडतोब ओळखतो, आणि अशा अनुभवावरच त्यानं शेकडो द्रव्यं पारखून घेतली आहेत. दहा वर्षांनी येणारा कर्करोग मात्र त्याच्या उंबऱ्यावर परत येत नाही, तो दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. 'हजारो वर्षांपासून वापरतात' हा दाखला पहिल्या प्रकारच्या अपायाला चालतो, दुसऱ्याला नाही. चिनी वैद्यांना हे कळलं नाही म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी ब्रुसेल्सच्या डॉक्टरांची कॅप्सुलांची यादी पुन्हा वाचावी.

आपल्या सह्याद्रीतली वेल

ॲरिस्टोलोकिया आपल्याकडेही आहे. कोकणात आणि घाटाच्या जंगलात सापसण उगवते. वैद्यकात तिला ईश्वरी म्हणतात, वनस्पतिशास्त्रात ॲरिस्टोलोकिया इंडिका. सापाच्या विषावर उतारा म्हणून तिची ख्याती, म्हणून नावात साप. देशावरच्या काळ्या रानात जमिनीलगत पसरणारी किडामारी, तीही त्याच कुळातली, ॲरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा. जंतांवर देतात. दोन्हींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. सापाच्या विषावर सापसणीचा उपयोग होतो याला आधार नाही, आणि सर्पदंशावर मूळ उगाळत बसण्यात गेलेला वेळ हा किडनीच्या आधीचाच धोका आहे.

निसर्गात या आम्लाचं काम वेगळंच आहे. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही काळ्या-लाल फुलपाखरांची जोडी सापसणीच्या कुळावरच अंडी घालते. सुरवंट पानं खातात, आम्ल अंगात साठवतात, आणि त्यातून झालेलं फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं. त्याची पाठराखण इतकी पक्की आहे की कॉमन मॉरमॉन या दुसऱ्याच, खायला चांगल्या लागणाऱ्या फुलपाखराच्या काही माद्या याच रोझचा वेष घेऊन उडतात. किड्याला जे पचतं ते आपल्या नलिकांना पचत नाही. या वेलींच्या काही परदेशी बहिणी बागेत हौसेनं लावतात, फूल बदकासारखं दिसतं म्हणून. कुंपणावर त्यांचा त्रास नाही. त्रास तोंडात गेल्यावर.

सापसण आणि किडामारी यांच्यामुळे आपल्याकडे किती किडन्या गेल्या, हा प्रश्न ब्रुसेल्ससारखा कुणीतरी धरून बसल्याशिवाय सुटणारा नाही. कारण समजेना म्हणून 'अज्ञात' असं लिहिलेल्या किडनीच्या आजारांची आपल्या देशात कमी नाही. गावातल्या माणसाला 'काही औषधं घेता का' विचारलं तर तो 'नाही' म्हणतो. मुळी त्याच्या लेखी औषध नसते. 'कुणी काही झाडपाला दिला का, कसलं मूळ, कसली पूड' असं विचारावं लागतं, आणि शक्य असेल तर तो तुकडा मागून घ्यावा लागतो.

ब्रुसेल्सच्या पेशंटचं पुढे काय झालं, तेही नोंदलेलं आहे. प्रत्यारोपण झालेल्या अडतीस जणांवर डॉक्टरांनी पंधरा वर्षं नजर ठेवली, मूत्राशयात दुर्बीण घालून पुन्हापुन्हा तपासत. जुन्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढल्या तरी मूत्राशय राहतोच, आणि त्याचं अस्तर तेच. २००८ मध्ये छापलेल्या हिशोबानुसार अडतीसपैकी पंधरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. कॅप्सुला बंद होऊन तेव्हा कुणाला सहा वर्षं झाली होती, कुणाला चौदा.